पहिल्या झटक्याआधीचा काळ

पिशोरात, माझ्या गावी, माझं काम "पोरगी पुण्यात डोक्याचं शिकती" एवढ्यात सांगून होतं, आणि ते फारसं चुकीचंही नाही. मी मेंदूची गणितं करते. खरा मेंदू मी कधी हातात घेतलेला नाही, प्रयोगशाळेतला उंदीरही नाही. माझ्यासमोर असतो तो संगणकात बांधलेला काही हजार पेशींचा एक तुकडा. कोणती पेशी कोणाला जोडलेली, जोडणी किती जोराची, प्रत्येकीच्या आवरणातून सोडियम आणि पोटॅशियम कधी आत-बाहेर करतात, याची समीकरणं म्हणजे हा तुकडा. सुरुवातीला तो निरोगी असतो. मग मी त्याला इजा करते आणि पाहते, की त्याला अपस्मार जडतो का, जडला तर किती काळानं, आणि त्या काळात त्याच्या आत काय काय बदलत गेलं.

मिरगी म्हणा, फिट म्हणा, घरच्यांच्या हिशेबात आजार सुरू होतो तो पहिला झटका आला त्या दिवशी. त्याआधीचं सगळं ठीक होतं असं धरलं जातं. पण मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसलेल्या माणसाला पहिली फिट कधी आठ महिन्यांनी येते, कधी चार वर्षांनी. मधल्या काळात तो मका सोंगतो, बाजार करतो, लग्नात नाचतो. एमआरआय काढला तर एक जुना व्रण दिसेल, पुढं काय होणार ते दिसणार नाही. मेंदू मात्र या काळात स्वस्थ बसलेला नसतो. माझं काम या मधल्या काळावर आहे.

हा काळ महत्त्वाचा का, ते एका औषधाच्या चाचणीतून मला सर्वांत चांगलं कळलं. फेनिटॉइन हे फिटांवरचं जुनं, स्वस्त औषध. 1938 पासून वापरात आहे. डोक्याला मोठी इजा झालेल्यांना ते लगेच सुरू केलं तर पुढचा अपस्मार टळेल, असा विचार कोणाच्याही मनात येईल. नॅन्सी टेमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएटलमध्ये 404 रुग्णांवर तो नीट तपासला आणि 1990 मध्ये निकाल छापला. पहिल्या आठवड्यात औषध न घेणाऱ्यांपैकी 14.2 टक्के लोकांना झटके आले, घेणाऱ्यांपैकी 3.6 टक्के. इथवर सगळं मनासारखं. आठव्या दिवसापासून पुढच्या दोन वर्षांत मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक उरला नाही. औषधानं झटका दाबला, आजार घडायचा थांबला नाही. त्यानंतरही बरीच औषधं अशा तऱ्हेनं तपासली गेली, पण इजेनंतरचा अपस्मार हमखास टाळणारी गोळी आजही डॉक्टरांच्या हाती नाही. जे घडतं आहे ते नेमकं काय आहे हेच माहीत नसेल, तर थांबवायचं तरी कशाला?

माणसाच्या मेंदूत हा काळ बघता येत नाही. कोणाला फिट येणार हे आधी ठाऊक नसतं, आणि अंदाज म्हणून कोणाच्या कवटीत तारा घालून वर्षभर बसवत नाहीत. उंदरात बघता येतं, पण एका उंदरात एका वेळी दोन-चार गोष्टीच मोजता येतात. संगणकातल्या तुकड्यात सगळं उघडं असतं. कोणतीही पेशी, कोणतीही जोडणी, कोणताही क्षण. अडचण उलटी असते, की त्यात तेवढंच असतं जेवढं आपण घातलं.

या कामाची मुळं जुनी आहेत. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ले यांनी 1952 मध्ये म्हाकुळाच्या एका जाड चेतातंतूवरून विजेचा ठोका कसा धावतो याची समीकरणं मांडली. म्हाकूळ एवढ्यासाठी की त्याचा हा तंतू नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका जाड असतो. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्स्लेंनी हातानं फिरवायच्या ब्रन्सविगा यंत्रावर हँडल मारत मारत ती सोडवली. 1963 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माझ्या प्रत्येक पेशीच्या आत आजही त्यांचीच समीकरणं असतात. संगणक कधी फार रेंगाळला तर मला ते हँडल आठवतं आणि तक्रार करायची लाज वाटते.

अपस्माराकडे ही समीकरणं वळवण्याचं मोठं श्रेय रॉजर ट्रॉब आणि रॉबर्ट वाँग यांना. त्यांनी 1982 मध्ये हिप्पोकॅम्पस या भागातल्या फक्त 100 पेशींचं जाळं संगणकात बांधलं. पेशींना आवर घालणाऱ्या जोडण्या काढून टाकल्या, तर थोड्याच पेशींत सुरू झालेली खळबळ सगळ्या जाळ्यात पसरून सगळ्या पेशी एका ठेक्यात पेटतात, असं त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी वाँग यांनीच रिचर्ड माइल्स यांच्याबरोबर हिप्पोकॅम्पसच्या खऱ्या कापावर दाखवलं, की अशा स्थितीत एकटी पेशीसुद्धा सगळ्यांना पेटवू शकते. आधी गणित, मग प्रयोग. आमच्या धंद्यात असा क्रम क्वचित लागतो, म्हणून या जोडीचं नाव आम्ही जरा प्रेमानं घेतो. पण हे झालं झटक्याचं गणित. निरोगी जाळं अशा अवस्थेला पोचतं कसं, हा प्रश्न त्यापुढचा.

त्याचं एक उत्तर मला पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून सोडत नाही. पेशीला स्वतःचा एक ठरलेला वेग असतो, समजा सेकंदाला पाच ठोके. त्याहून कमी काम मिळू लागलं तर पेशी आपल्याकडे येणाऱ्या जोडण्यांचा जोर हळूहळू वाढवते. फार काम पडलं तर कमी करते. जीना टुरिजियानो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे बशीत वाढवलेल्या पेशींवर दाखवलं. पेशींचे ठोके दोन दिवस बंद पाडले, तर जोडण्या जोरदार झालेल्या सापडल्या. ही सवय चांगलीच आहे; तिच्यामुळेच मेंदू शिकत असतानाही तोल सांभाळतो. आता इजा घडवा. मेंदूच्या एका पट्ट्याला बाहेरून येणारे तंतू तुटले. पेशींना निरोप मिळेनासे झाले. त्या गप्प पडल्या, आणि सवयीनं जोर वाढवू लागल्या. आर्थर हावलिंग, मॅक्सिम बाझेनोव्ह, इगोर टिमोफीव्ह, मिर्चा स्टेरियाडे आणि टेरेन्स सेज्नोव्स्की यांनी 2005 मध्ये हेच संगणकात चालवलं. उरलेल्या जोडण्यांचा जोर वाढता वाढता अशा टोकाला गेला की जाळं झटक्यासारखं एकदम पेटू लागलं. इजा आजार करत नाही, इजा भरून काढण्याची धडपड आजार करते, असा त्याचा अर्थ निघतो.

मी यावरच काम करते, म्हणून माझ्या पडद्यावर हे कसं दिसतं ते सांगते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पेशी, आणि प्रत्येक ठोक्याला एक काळा ठिपका. निरोगी तुकड्याचं चित्र म्हणजे सगळीकडे विखुरलेली कणी. बाहेरचे तंतू तोडले की पडदा जवळजवळ पांढरा होतो. मग बराच वेळ काही नाही. मग इकडे तिकडे ठिपके परत येतात आणि नवखा माणूस म्हणेल, सुधारतंय. पुढं ते ठिपके एकमेकांच्या वर गोळा होऊ लागतात, आणि शेवटी उभ्या काळ्या रेघा उमटतात: मधे लांब पांढरी जागा, मग सगळ्या पेशी एकाच क्षणी, परत पांढरी जागा. आता सरासरी काढा. सेकंदाला पाच. पेशीच्या लेखी सगळं जागेवर आलं आहे. ती फक्त सरासरी बघते, शेजारीण त्याच क्षणी पेटते आहे हे तिला कळायला वावच नाही.

हे चित्र मला शेतातल्या मोटरींमुळे पटकन उमगलं. लाइट कधी येईल याचा नेम नसतो, रात्री-अपरात्री विहिरीवर कोण जाणार, म्हणून प्रत्येकानं मोटरीला ऑटो बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू. प्रत्येकाच्या परीनं हे शहाणपणाचंच आहे. पण लाइट आली की डीपीवरच्या, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटरी एकाच क्षणी भार उचलतात आणि डीपी उडते. मग तिच्यावरच्या सगळ्यांच्या अद्रकीचं पाणी थांबतं, ऑटो न बसवलेल्याचंही. तुलना यापुढं ताणत नाही, कारण मोटर आपली ताकद आपण वाढवत नाही आणि पेशी वाढवते. सगळा फरक तिथंच आहे.

या कामातली सगळ्यात किचकट गोष्ट म्हणजे काळ. विजेचा ठोका एका मिलिसेकंदाचा, जोर बदलायला तास आणि दिवस, आजार उगवायला महिने. मोठ्या तुकड्याचा एक सेकंद संगणकात चालवायला कित्येक मिनिटं जातात. त्या हिशेबानं खरे सहा महिने चालवायला माझा जन्म पुरणार नाही. म्हणून आम्ही जोर वाढवण्याचा नियम हजारपट घाईनं चालवतो. हे लबाडीचं वाटेल, पण तपासायची रीत आहे. तोच रन घाई निम्मी करून पुन्हा लावायचा, मग आणखी निम्मी. शेवट तिन्ही वेळा तोच आला तर घाईमुळे तो बिघडलेला नाही असं धरता येतं. न आल्यास त्या निकालाला हात लावायचा नाही. असे रन क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, रात्री लावून जायचं आणि सकाळी बघायचं.

दुसरी गोष्ट सीडची. जाळं बांधताना कोणती पेशी कोणाला जोडायची ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो, आणि त्या चिठ्ठ्यांचा क्रम एका आकड्यावरून निघतो, तो सीड. इजा तीच, नियम तेच, फक्त सीड वेगळा. तरी एक तुकडा लवकर पेटतो, एक फार उशिरा, आणि एखादा पेटतच नाही. एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून पडलेले दोघे भाऊ माझ्या ओळखीचे आहेत. थोरल्याला फिट येते, धाकट्याला नाही, आणि गावानं त्याची कारणं थोरल्याच्या वागण्यात शोधून ठेवली आहेत. कारण न सापडणं लोकांना सोसत नाही. मला सीडनं ते सोसायला शिकवलं.

आता या सुंदर उत्तरातली मेख. टुरिजियानोंच्या प्रयोगात पेशींना गप्प करायला टेट्रोडोटॉक्सिन वापरलं होतं, फुगा माशातलं विष. गप्प केल्यावर जोडण्यांचा जोर वाढला. त्या हिशेबानं इजा झालेला मेंदू गप्प ठेवला तर आजार वाढायला हवा. केव्हिन ग्रेबर आणि डेव्हिड प्रिन्स यांनी स्टॅनफर्डमध्ये 1999 मध्ये नेमकं तेच विष इजा केलेल्या उंदरांच्या मेंदूवर त्या जागी लावलं, आणि पुढं तिथले काप काढून पाहिल्यावर झटक्यासारखी खळबळ फारच कमी सापडली. 2004 मध्ये त्यांनी हेही दाखवलं, की इजेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत हे साधतं. एकच विष, एका ठिकाणी जोर वाढवतं, दुसऱ्या ठिकाणी वाचवतं. माझे मार्गदर्शक याला 'काटा' म्हणतात. त्यांच्या मते पहिल्या दिवसांत तुटलेल्या तंतूंना नवे फुटवे येतात आणि ठोके चालू असतील तर ते फुटवे जास्त माजतात. जोर वाढवण्याची सवय त्यानंतर कामाला लागते. मला हे पटतं. पण पटणं आणि दाखवणं यांत आमच्याकडे बराच रस्ता असतो.

दिवाळीत मी गावी असते. पिशोर हे कन्नड तालुक्यातलं मोठं गाव. अंजना नदीच्या पाण्यावरचा हा पट्टा अद्रकीचा, मक्याचा, कपाशीचा. उत्तरेला सातमाळ्याची रांग. तपासण्या आणि मोठी औषधं यांसाठी कन्नड, नाहीतर थेट संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. डोक्याचं शिकते म्हटल्यावर ओट्यावर बायका येऊन बसतात. सुरुवात डोकेदुखीपासून होते, मग हळूच कोणीतरी विषय काढतं. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते, गोळ्यांबद्दल एक शब्द बोलत नाही, एवढं मात्र सांगते की डॉक्टरनं दिलेली गोळी मनानं बंद करू नका, आणि फिट आलेल्याला कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखान्याची गाडी बोलवा.

मला त्यांच्याकडून हव्या असतात तारखा. मार कधी लागला आणि पहिली फिट कधी आली. तारखा अशा कोणाकडे नसतात, पण त्यांचा ठावठिकाणा असतो. "अद्रकीला भाव आला त्या सालचं. तवा ह्यो बैलगाडीवरून पडला." आणि फिट? "धाकलीचं बारसं होतं, त्याच्या आदल्या राती." बारशाची तारीख निघते, भावाचं साल आठवतं, आणि बैलगाडी ते बारसं हे अंतर हातात येतं. बाळंतपणात उशिरा रडलेलं पोर, तान्हेपणी तापात आलेले झटके आणि मग कित्येक वर्षांची शांतता, अशीही अंतरं सापडतात. शास्त्राच्या दृष्टीनं ही माहिती कच्ची आहे, मी ती कुठं छापणार नाही. पण माझ्या आडव्या अक्षाला एरवी नुसते आकडे असतात, त्यांचे असे महिने झाले की मला बरं वाटतं.

नोंदींतून अंतर कसं निघतं याचं एक नामी उदाहरण आपल्याच देशाशी जोडलेलं आहे. फीतकृमीची अंडी अन्नपाण्यातून पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात, आणि भारतात फिटांच्या मोठ्या कारणांत हे एक आहे. डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो, कारण अंडी येतात ती न धुतलेल्या भाजीवरून, अस्वच्छ हातांवरून. माळकरी घरात हे सांगितलं की आधी कोणाचा विश्वास बसत नाही. इंग्रज सैनिक हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी गेले आणि तिकडे कित्येक वर्षांनी त्यांना फिटा येऊ लागल्या. डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा 450 रुग्णांचा अभ्यास 1961 मध्ये छापला. सैनिक इकडे कधी होता याची नोंद लष्कराकडे होती, म्हणून लागण आणि पहिली फिट यांतलं अंतर मोजता आलं. ते बहुतेकदा वर्षांत मोजण्याएवढं होतं. त्याच काळात इथल्या किती शेतकऱ्यांना तेच झालं असेल, पण ते इथंच जन्मले आणि इथंच राहिले, त्यांचं अंतर कशावरून मोजणार?

बायका एक गोष्ट मला आईसमोरही सांगत नाहीत, गच्चीवर गाठून सांगतात. मुलीच्या फिटा. त्यात पहिल्या फिटेचं वय हमखास बदललेलं असतं: सासरी सांगितलेलं एक, डॉक्टरला सांगितलेलं दुसरं. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता, त्या आधारे लग्न रद्द ठरवता यायचं. 1999 मध्ये तो काढला. कायद्यातून गेला, बैठकीतून गेलेला नाही. मी कोणाला खोटं बोलू नका असं सांगत नाही. त्या खोट्याची किंमत मी मोजत नसते, त्या मोजत असतात. फक्त डॉक्टरला खरं वय सांगा म्हणते, आणि पुण्यात अपस्मार असलेल्यांचा संवेदना हा गट आहे, तिथं लग्नाचं बोलणंही उघडपणे होतं, हे सांगते.

आणि अमावस्या. फिट अमावस्येला येते यावर कोणाचं दुमत नाही. पूर्वी मी लगेच खोडून काढायची: अमावस्येची लक्षात राहते, अष्टमीची विसरते, एवढंच. आता जरा थांबते. 2018 मध्ये मॅक्सिम बोद आणि सहकाऱ्यांनी 37 रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या उपकरणांतल्या प्रदीर्घ नोंदी तपासल्या. पुष्कळ जणांत झटक्यांचा धोका ठराविक दिवसांच्या चक्रानं वरखाली होत होता, आणि 20 ते 30 दिवसांची चक्रं जास्त आढळली, बायकांत तशीच पुरुषांत. हे चक्र ज्याचं त्याचं, चंद्राशी त्याचा संबंध लावलेला नाही. पण महिन्याच्या अंतरानं फिट येते हे निरीक्षण गावानं यंत्राशिवाय केलं होतं. कारण चुकीचं लावलं. आमच्या मॉडेलमध्ये मात्र असं चक्र आपोआप उगवत नाही, बाहेरून घालावं लागतं, आणि हे मला खटकत राहतं.

माझ्या चुलत घरातली एक काकू आहे. तिच्या थोरल्याला दोन औषधं चालू असूनही फिटा येतात. तिनं मला सरळ विचारलं, "तुमच्या कंप्युटरमधी माझ्या पोराचं डोकं टाकता येतं का गं?"

येतं, म्हणाले, पण माझ्या नाही. फ्रान्समधल्या मार्सेयला व्हिक्टर यिर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून पाहिलं आहे. झटका कसा सुरू होतो आणि कसा संपतो याचं एपिलेप्टर नावाचं मॉडेल त्यांनी 2014 मध्ये मांडलं. त्यात माझ्यासारख्या हजारो पेशी नाहीत, पाच बदलत्या राशी आहेत, आणि त्यांतली एक अगदी संथ राशी झटक्याचं दार उघडते आणि लावते. मग रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्या मेंदूचे भाग आणि त्यांना जोडणारे तंतू संगणकात मांडायचे, प्रत्येक भागात असं एक मॉडेल बसवायचं, आणि रुग्णाच्या खऱ्या झटक्यांच्या नोंदींशी जुळवत जायचं. झटका कुठून उठतो याचा अंदाज आला की तेवढाच भाग काढला तर काय होईल, हे शस्त्रक्रियेआधी संगणकात करून बघायचं. याचा उपयोग होतो का हे तपासायला फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांत एपिनोव्ह नावाची चाचणी 2019 मध्ये सुरू झाली, 356 रुग्ण घ्यायचं ठरवून. काकूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एमआरआय आपला झालेलाय. अजून काय लागतं?" कवटीतून आत नेलेल्या तारांवरची नोंद लागते, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग राहू दे." शस्त्रक्रियेचा विचार करणारी रुग्णालयं मुंबईत, पुण्यात आहेत, दोन औषधांनी भागत नसेल तर तिथं विचारायला हवं, हे मी तिला कागदावर लिहून दिलं. तो सल्ला संगणकाचा नव्हता, कोणताही मेंदूचा डॉक्टर तोच देईल.

तिचा दुसरा प्रश्न मला जास्त अवघड गेला. "आन धाकल्याचं? त्यो बी मागल्या महिन्यात कन्नडच्या रस्त्यावर गाडीवरून पडला. घटकाभर सुद नव्हती त्याला. त्याला येईल का?" हा अगदी माझ्या कामाचा प्रश्न: इजा झाली आहे, झटका आलेला नाही, मधल्या काळात मुलगा चालतो-बोलतो आहे. आणि माझ्या साऱ्या कोडमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. ते होतं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ऑल्मस्टेड परगण्याच्या दवाखान्यांतल्या दप्तरांत. तिथं 1935 ते 1984 या काळात डोक्याला मार लागलेल्या 4,541 लोकांच्या नोंदी जॉन ॲनेगर्स आणि सहकाऱ्यांनी पुढं लावत नेल्या आणि 1998 मध्ये छापल्या. पाच वर्षांत अपस्मार होण्याची शक्यता मोठ्या इजेत 10 टक्के, मधल्या इजेत 1.2, किरकोळ इजेत 0.7. अर्ध्या तासाच्या आत शुद्ध आली असेल, कवटीला तडा नसेल, तर इजा किरकोळात मोडते. स्कॅनमध्ये तडा नाही, रक्तस्राव नाही असं डॉक्टरनं सांगितल्याचं काकू म्हणाली. म्हणजे शंभरातल्या एकालाही नाही, असं मी सांगितलं, आणि थोरल्याला आहे म्हणून धाकट्याचा धोका थोडा जास्त धरायला हवा, हेही सांगितलं. ती म्हणाली, "थोडा म्हंजी किती?" ते मला सांगता आलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी ग्रेबर-प्रिन्सचा काटा पुन्हा हातात घेतला. तुकड्यात आता दोन नियम एकत्र घातले आहेत. फुटवे फुटण्याचा नियम इजेनंतर लगेच सुरू होतो आणि ठोक्यांवर पोसतो. जोर वाढवण्याचा नियम त्याहून संथ आहे. पहिल्या रनमध्ये दिसतं ते असं, की सुरुवातीला तुकडा गप्प ठेवला तर फुटवे कमी येतात आणि पुढं तो शांत राहतो. उशिरा गप्प ठेवला तर जोर वाढतो आणि तो लवकर पेटतो. दोन्ही प्रयोगांशी जुळतं. जुळणारच, कारण जुळावं म्हणूनच दोन नियम निवडले होते, म्हणून मार्गदर्शकांनी यावर अजून काही लिहू दिलेलं नाही. आता बघायचं ते हे, की जे आम्ही घातलेलं नाही त्याबद्दल हा तुकडा काय म्हणतो: एक तृतीयांश तंतू तोडले आणि दोन तृतीयांश तोडले, तर पेटण्यापर्यंतचं अंतर किती बदलतं, आणि एकाच इजेत वेगवेगळ्या सीडमध्ये ते किती पसरतं. प्रत्येक इजेसाठी शंभर सीड ठरवले आहेत. रन क्लस्टरच्या रांगेत लावले आहेत. रांगेत पुढं हवामानाची मॉडेलं चालवणाऱ्यांचे मोठे रन असल्यामुळे सोमवारच्या आत काही हाती लागेल असं दिसत नाही.